चाकांचे कोन आणि त्यांची मापे

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावरचे व्याख्यान जाहीर झाले म्हणजे कोल्हापूरचा श्रोता पन्हाळा, पावनखिंड, ताराराणी यांपैकी काहीतरी ऐकावयाच्या तयारीने येतो. आम्ही मोटारीच्या चाकांविषयी बोलणार आहोत हे कळताच मागल्या रांगेतील दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांचा रुसवा आम्हांला मान्य आहे. परंतु चाक हीसुद्धा इतिहासातलीच वस्तू आहे. आणि त्याच्या कलण्यावळण्याचा हिशेब माणसाला उमगावयास पन्हाळ्याच्या वेढ्यापेक्षा पुष्कळच अधिक काळ लागला.

शिवाय हा विषय परका नाही, ज्या पेठेत आपण बसलो आहोत तिच्याच घरचा आहे. शाहूपुरी ही व्यापारपेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली. मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास आली ती १८९१ साली. स्टेशनाजवळ बाजार असावा आणि मुलखातला गूळ तेथे येऊन पुढे देशभर जावा, हा त्यामागचा हिशेब सरळ होता. हंगामात गुळाच्या रव्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागे, अडत्यांच्या दुकानांपुढे सौदे होत. पुढे बैलांच्या जागी ट्रक आले, आणि कालांतराने गुळाचे सौदेही मार्केट यार्डात गेले. तथापि जेथे गाड्या थांबतात तेथे त्या दुरुस्त करणारेही येतात, आणि एकदा आले म्हणजे सहसा जात नाहीत. पहिल्या पिढीत धाव चढविणारा लोहार, दुसऱ्या पिढीत पंक्चर काढणारा, तिसऱ्या पिढीत 'व्हील अलाइनमेंट' अशी पाटी लावणारा, असा हा वंशवृक्ष आपल्याकडे अनेक गावांच्या पेठांतून दिसतो. या पाटीचा अर्थ काय, आणि ती पाटी लावण्याइतके ज्ञान माणसाने कसे मिळविले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमच्या बैलगाडीला हा प्रश्न पडला नाही, याचे कारण तिची रचना. दोन चाके, एक आख, आणि वळवावयास बैल. बैल वळले की दांडी वळते आणि दांडीबरोबर सबंध आख वळतो. चाके आखावर सुटी फिरत असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपोआप जास्त पळते, आतले कमी. त्या गाडीत कारागिराचे सारे कसब चाक घडविण्यात होते. तुंब्यात आरे ठोकावयाचे, आऱ्यांवर लाकडी कडे बसवावयाचे, आणि मग लोखंडी धाव लाल होईतो तापवून ती त्यावर चढवून पाणी ओतावयाचे. धाव आकसली की सारे चाक एकजीव होते. ज्यांनी लहानपणी हे पाहिले आहे त्यांना तो चर्र आवाज आणि ती वाफ अजून आठवत असेल. ती धाव किती लहान घ्यावयाची हे माप कोठल्याही पुस्तकात नव्हते. ते लोहाराच्या नजरेत होते.

चार चाकांच्या गाडीत मात्र ही नजर अपुरी पडू लागली. युरोपातील घोड्यांच्या बग्ग्यांत पुढला आख मधोमध एका खिळीवर फिरता ठेवीत. गाडी वळली म्हणजे एक चाक बग्गीच्या पोटाखाली शिरे, दुसरे पुढे जाई, आणि गाडीचा पायाच आखूड होऊन ती कलंडण्याची भीती राही. म्यूनिच येथील गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने १८१६ च्या सुमारास यावर तोड काढली. आख स्थिर ठेवावयाचा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन खिळी लावून प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोवती वळवावयाचे. त्याचे लंडनमधील मुखत्यार रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ साली या रचनेचे पेटंट इंग्लंडात घेतले. ॲकरमन मूळचे सॅक्सनीचे. बग्ग्यांचे आराखडे करता करता ते चित्रे आणि पुस्तके छापू लागले, आणि लंडनमध्ये त्याच धंद्यात नावारूपास आले. आज जगभर ही रचना ॲकरमन यांच्याच नावाने चालते. कारागिराच्या कल्पनेला मुखत्याराचे नाव लागावे, ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही.

वळणाचा हा हिशेब थोडा नीट पाहू. गाडी डावीकडे वळते तेव्हा डावे चाक लहान वर्तुळावर जाते आणि उजवे मोठ्या. दोन्ही चाके सारखीच वळविली तर त्यांतले एक फरफटत जाणार. म्हणून आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे. पॅरिसचा गाडी बांधणारा शार्ल जांतो याने १८७८ साली याची सोपी युक्ती दाखविली. चाके वळविणारे दोन दांडे समांतर न ठेवता किंचित तिरपे ठेवावयाचे; इतके तिरपे, की त्यांच्या रेषा मागे वाढविल्या तर मागल्या आखाच्या मध्यावर मिळाव्यात. काटेकोर भूमितीत ही युक्ती पूर्ण बसत नाही, परंतु रस्त्यावर बसते.

कार्ल बेंझ याने १८८६ साली आपली पहिली मोटार काढली ती तीन चाकांची होती. पुढली दोन चाके समाधानकारक रीतीने वळविण्याची युक्ती त्याला तोवर सापडली नव्हती. ती सापडल्यावर १८९३ साली त्याने पेटंट घेतले आणि चार चाकांची गाडी बाजारात आणली. आपल्याकडची नटविलेली, आरशांनी आणि झुलींनी सजलेली रिक्षा या अर्थी बेंझच्या पहिल्या गाडीची नात आहे. पुढे एकच चाक. म्हणून दोन चाकांचे आपसांत जमण्याचा प्रश्नच नाही. संसारात एकट्या माणसाला जी सोय असते तीच ही.

आता कोनांकडे वळू. मुख्य कोन तीन. मिस्त्री लोकांच्या बोलीत ते कॅम्बर, टोइन आणि कॅस्टर. या तिघांत एक फरक आहे, आणि आमच्या मते मापाचा सारा इतिहास त्या फरकात साठविलेला आहे. टोइन नजरेला थोडाफार दिसतो, कॅम्बर दिसतो न दिसतो, आणि कॅस्टर मुळीच दिसत नाही.

कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा बाहेर किंवा आत झुकलेला असणे. इंग्रजीत हाच शब्द रस्त्याच्या पाठीच्या फुगवट्यालाही आहे, आणि दोहोंचे नाते जुने आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ते मध्ये उंच आणि कडांना उतरते बांधीत. आपल्या मुलखाच्या पावसात तर त्याला पर्यायच नाही. त्या फुगीर रस्त्यावर चाक चौरस टेकावे, आणि ओझ्याने आख किंचित वाकला तरी चाक आत पडू नये, म्हणून उभ्या गाडीची चाके वरून जरा बाहेर ठेवीत. कॅम्बर मोजावयास गवंड्याचा ओळंबा पुरतो. चाकाशेजारी ओळंबा सोडावा, लोखंडी कड्याच्या वरच्या व खालच्या काठापासून दोरीचे अंतर मोजावे, आणि वजाबाकी करावी. विलीज जीपच्या पुस्तकात कॅम्बर दीड अंश दिलेला आहे. तिच्या सोळा इंची चाकावर ही वजाबाकी तीन-साडेतीन सुते येते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तरुण श्रोत्यांना सांगावयास हवे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी मिस्त्रीच्या तोंडचे सूत सुटले नाही. पुढे रस्ते सपाट झाले, टायर रुंद झाले, आणि कॅम्बर कमी होत होत शून्यावर आला. काही गाड्यांत तर चाके वरून आत झुकली.

टोइन म्हणजे वरून पाहता पुढची दोन चाके पुढच्या अंगास एकमेकांकडे किंचित वळलेली असणे, चवडे आत टाकून चालणाऱ्या माणसासारखी. हे मुद्दाम करावयाचे कारण असे की, मागली चाके गाडी ढकलतात तेव्हा रस्ता पुढल्या चाकांना मागे रेटतो, सांध्यांतला खेळ निघून जातो, आणि चाके बाहेरच्या बाजूला उघडू पाहतात. उभ्या गाडीत जरा आत वळवून ठेवली तर चालत्या गाडीत ती समांतर येतात. जीपला हा टोइन इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात: तीन चौसष्टांशांपासून सहा चौसष्टांशांपर्यंत. म्हणजे एका सुताहूनही कमी.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहू. जीपचे टायर सुमारे अठ्ठावीस इंच व्यासाचे. त्यावर टोइन एका सुताने चुकला तर दर किलोमीटरला दोन्ही चाके मिळून सुमारे साडेचार मीटर आडवी घासतात, म्हणजे प्रत्येकी सव्वादोन. कोल्हापूरहून पुणे सुमारे दोनशे तीस किलोमीटर. तेवढ्या वाटेत प्रत्येक टायर अर्धा किलोमीटर आडवे फरफटले. चूक चार सुतांची असेल तर दोन किलोमीटर. टायरवरून तळहात एका दिशेने फिरवावा तर मऊ, उलट फिरवावा तर करवतीसारखा दातरा लागतो, तो या फरफटीचा पुरावा. आम्ही तर म्हणतो की टायरच्या दुकानात वजनावर विकल्या जाणाऱ्या रद्दी टायरांच्या ढिगावरून हात फिरवून गावातील सुतांच्या चुकांची शिरगणती करता येईल.

टोइन मोजण्याची पहिली साधने गरिबाघरची होती. चाक उचलून फिरवावे आणि फिरत्या टायरवर खडूची किंवा खिळ्याची एक रेघ चहूबाजूंनी ओढावी. गाडी खाली टेकवून दोन्ही रेघांमधले अंतर आखाच्या उंचीवर आधी पुढून आणि मग मागून मोजावे. हुशार मिस्त्री यानंतर गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोजीत. चाकाचे कडेच वाकडे असेल तर ती चूक अशाने पकडली जाते. कोणी मागल्या चाकापासून पुढल्या चाकापर्यंत दोरी धरीत. दोरी चारही ठिकाणी टेकली तर चाके एका रेषेत. परंतु पुष्कळ गाड्यांत मागल्या चाकांमधले अंतर पुढल्यापेक्षा वेगळे असते, हे ज्याच्या ध्यानात राहिले नाही त्याला दोरीने फसविलेच. मग सरकत्या काट्यांचा लोखंडी दांडा आला. त्यानंतर डनलॉप कंपनीचे आरशाचे माप आले. एका चाकाला लागून आरसा ठेवावयाचा, दुसऱ्याला लागून दुर्बिणीसारखी नळी. नळीत पाहून काट्याने प्रतिमेची रेघ मध्यावर आणली की पट्टीवर कोन वाचता येतो. ज्या कंपनीच्या हवेच्या टायरांमुळे उसाच्या बैलगाडीलासुद्धा आपल्याकडे 'डनलॉप गाडी' हे नाव पडले, त्याच कंपनीने टायर झिजू नयेत म्हणून माप विकावे, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

कॅस्टरची कथा मात्र निराळी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

चाक ज्या खिळीभोवती वळते ती बाजूने पाहता सरळ उभी नसते. तिचे वरचे टोक मागे झुकलेले असते. तिची रेषा खाली वाढविली तर टायर जमिनीला जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती जमिनीत शिरते. म्हणजे चाक खिळीच्या मागे ओढले जाते, आणि ओढले जाणारे चाक नेहमी सरळ राहू पाहते. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो त्याचेही हेच एक कारण. दवाखान्यातील ढकलगाडीची लहान चाके ढकलताच आपोआप मागे वळतात, ती या तत्त्वाची अधिक ढोबळ जात. जीपला हा झुकाव तीन अंश. तीन अंशांनी खिळीची रेषा टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे सुमारे पाऊण इंच पडते. वळण संपल्यावर चक्र हातातून सरकत आपल्या आपण सरळ येते आणि सरळ रस्त्यावर गाडी हाताशी भांडत नाही, यात या पाऊण इंचाचा वाटा मोठा आहे. खिळीला आतल्या बाजूसही एक कल असतो, जीपला साडेसात अंश. तोही या कामी मदत करतो, पण त्याच्या तपशिलात आज शिरत नाही.

शाहूपुरी वसली त्याच साली, १८९५ च्या जून महिन्यात, पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची मोटारींची शर्यत झाली. एमील लव्हासॉर याने सुमारे बाराशे किलोमीटरची ती वाट जवळजवळ एकोणपन्नास तासांत एकट्याने गाडी हाकून कापली, आणि त्याच्या हातात चक्र नव्हते, नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. रस्त्यावरील प्रत्येक खड्डा त्या दांड्यातून मनगटात येत असला पाहिजे. पुढच्याच वर्षी आर्तूर क्रेब्स या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने अशी गाडी रचली की जिची पुढली चाके सोडून दिली तरी आपोआप सरळ येतील, आणि त्या रचनेचे पेटंट घेतले. क्रेब्स म्हणजे १८८४ साली शार्ल रनार याच्याबरोबर विमाननौकेतून उडून निघाल्या जागी परत आलेला माणूस. हवेत दिशा राखण्याचा ज्याने विचार केला त्यालाच जमिनीवरचाही सुचावा, हे आम्हांला नुसते योगायोगाचे वाटत नाही. लव्हासॉर १८९७ साली वारला, आणि त्याच्या कारखान्याची सूत्रे क्रेब्सकडे आली.

कोन सापडला खरा. परंतु तो मोजावयाचा कसा? खिळ चाकाच्या पोटात लपलेली. ओळंबा धरावयास जागा नाही, दोरी लावावयास कड नाही. कारखान्यात आख घडविताना तो कोन दिला जाई, आणि गाडी रस्त्यावर आली की त्याचे काय झाले हे कळण्याची वाट नव्हती. १९२० नंतर गाड्यांना फुगीर, मऊ टायर आले, पुढल्या चाकांना ब्रेक आले, आणि चालत्या गाडीची चाके थरथरून डावीउजवीकडे नाचू लागली. तेव्हा या अदृश्य कोनाची निकड भासली. अमेरिकेत बेअर, जॉन बीन, आणि १९४६ नंतर हंटर अशा कंपन्यांनी मापांची यंत्रे बाजारात आणली. त्यांतली कॅस्टर मोजण्याची युक्ती इतकी सुरेख आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

खिळ मागे झुकलेली असेल तर चाक वळविताना ते नुसते वळत नाही, झुकतेही. एका बाजूस वळविले तर माथा आत जातो, दुसऱ्या बाजूस वळविले तर बाहेर. म्हणजे न दिसणारा कोन चाक वळविले की दिसणाऱ्या कोनात उतरतो. मग काम सोपे झाले. दोन फिरत्या तबकड्यांवर पुढची चाके ठेवावयाची, ब्रेक दाबून धरावयाचा, आणि चाकाला पाणसळ लावावयाची. चाक वीस अंश बाहेर वळवून बुडबुडा शून्यावर आणावयाचा, मग वीस अंश आत वळवून बुडबुडा किती सरकला ते पाहावयाचे. सरकलेल्या अंशांची साधारण दीडपट म्हणजे कॅस्टर. बुडबुडा दोन अंश सरकला तर कॅस्टर तीन. पुष्कळ मापांवर ही दीडपट आधीच पट्टीत धरलेली असते. काचेच्या नळीतला पाण्याचा एक थेंबभर बुडबुडा पोलादाच्या पोटातली खिळ दाखवितो! आरशाची आणि प्रकाशाची पुढची सारी यंत्रे आम्ही पाहिली आहेत, पण आमचे मन या बुडबुड्यापाशीच अडकलेले आहे.

त्यास कारणही आहे. १९७० नंतरच्या दशकात भोगावतीकाठच्या आमच्या शेतासाठी एक जुनी जीप घरी होती. मागे उसाचे बेणे, खतांची पोती, कधी माणसे. ओझ्याने ती मागून बसू लागली म्हणून मागल्या कमानपाट्यांत एक एक जादा पट्टी घालून घेतली. त्यानंतर काही दिवसांनी गाडीचे वागणे बदलले. सरळ रस्त्यावरही चक्र सारखे डावीउजवीकडे सावरावे लागे. दारू प्यालेल्या माणसाबरोबर चालावे तसे. एका गॅरेजात दाखविली. त्यांनी टोइन काढला, बसविला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच; पुन्हा टोइन. तिसऱ्या खेपेस तर त्यांनी तो पुस्तकाबाहेर वाढविला, कारण त्याने चक्र थोडे घट्ट लागते. पुढची दोन्ही टायरे सहा महिन्यांत गेली.

मग पावसाळ्याच्या तोंडाला एके सायंकाळी समोरून ट्रक आला म्हणून डांबराची कड सोडावी लागली. परत चढताना गाडीने जी ओढ घेतली ती रस्ता ओलांडून सरळ पलीकडच्या बाभळीपर्यंत. बाभळ मोडली. शेजारी बसलेल्या आमच्या धाकट्या बंधूंचा हात दोन ठिकाणी मोडला, आणि तो पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही.

जीप दुरुस्तीला शाहूपुरीतल्या एका गल्लीत एका वृद्ध मिस्त्रींकडे आली. त्यांनी मापाला हात लावण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर उभी करविली, दहा पावले मागे जाऊन बाजूने पाहिले आणि म्हणाले, "मालक, मागनं गाडी उचललीया. कमानीला पान वाढीवलंय न्हवं?" मग चाक उचलून त्याखाली पहार घातली आणि खिळीत खेळ आहे का ते हाताने पाहिले. खेळ असताना घेतलेले माप खोटे, हे त्यांचे पहिले सूत्र. खेळ थोडाच होता. त्यानंतर दोन लोखंडी पत्रे, मध्ये भरपूर ग्रीस, अशा घरी केलेल्या तबकड्यांवर चाके चढविली आणि लाकडी पेटीतून पाणसळीचे माप काढले. डावे चाक दीड अंश. उजवे त्याहूनही पाव अंश कमी. पुस्तकात तीन.

रात्री घरी येऊन आम्ही गणित मांडले. जीपच्या पुढल्या आणि मागल्या आखांत ऐंशी इंचांचे अंतर. जादा पट्ट्यांनी मागली बाजू दोन इंच वर गेली. ऐंशीत दोन म्हणजे सुमारे दीड अंश. सारी गाडी तेवढी पुढे झुकली, तिच्याबरोबर आख झुकला, आखाबरोबर खिळ. तिनातले निम्मे गेले. पाऊण इंचाची तीन सुते उरली. मागे घातलेल्या पट्टीने पुढल्या चाकाची दिशा घालविली होती, आणि ज्यांना फक्त टोइन मोजता येत होता ते टोइनच दुरुस्त करीत बसले होते. त्यांना आम्ही आळशी म्हणत नाही. जे माप हातात होते त्याने ते प्रामाणिकपणे काम करीत होते. बंधूंचे मत याबाबतीत आमच्याहून कडक होते, आणि हात त्यांचा होता.

मिस्त्रींनी पुढला आख आणि कमानपाटे यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस दीड दीड अंशाच्या पोलादी पाचरी घातल्या. डावीकडची किंचित जाड ठेवली. विचारता म्हणाले, आपण डाव्या अंगाने चालतो, रस्ता डावीकडं उतरता, गाडी तिकडं वढती. डाव्या चाकाचा कॅस्टर जरा जास्त असला की ती उजवीकडं झुकती आणि हिशेब फिटतो. कॅम्बर पाहिला, तो ठीक होता. टोइन सगळ्यांत शेवटी बसविला, कारण आधीच्या दोहोंत काही हलले की टोइन हलतोच. आधी टोइन बसविणे म्हणजे पाया भरण्यापूर्वी दार रंगविणे, असे ते म्हणाले. सारे काम संपावयास दिवस मावळला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि तिने जुन्या हातांना गोंधळात टाकले. तिची पुढली चाकेच गाडी ओढतात. ओढणारी चाके उघडत नाहीत, मिटू पाहतात. अशा गाड्यांना टोइन शून्याजवळ ठेवतात, कित्येकींना तर चाके उलट किंचित बाहेर वळवून देतात. तीस वर्षांच्या सवयीने एक सूत आत देणाऱ्यांनी त्या काळात बरीच टायरे खाल्ली. दुसरा बदल याहून खोल होता. फोर्ड कंपनीने १९५० साली इंग्लंडात मॅकफर्सनच्या रचनेची गाडी काढली. त्या पद्धतीत उभा नळाच चाकाला धरतो, आणि पुष्कळ गाड्यांत कॅम्बर व कॅस्टर कारखान्यात एकदा ठरले की पुन्हा बदलण्यास नट नाही, पाचरीला जागा नाही. टोइन तेवढा मिस्त्रीच्या हाती उरला. याच सुमारास मापे मात्र सूक्ष्म होत गेली. १९९० नंतरच्या दशकात चाकांवर खुणांच्या तबकड्या लावून कॅमेऱ्याने त्यांची हालचाल टिपणारी यंत्रे निघाली. गाडी हातभर मागेपुढे करून चक्र दोन्हीकडे फिरविले की सारे कोन पडद्यावर येतात. बिनचूक असतील ते हिरवे, चुकलेले तांबडे.

अलीकडेच नातवाची मोटार घेऊन आम्ही शाहूपुरीतल्या अशाच एका यंत्रावर गेलो होतो. पडद्यावर टोइन तांबडा आला, आणि उजव्या चाकाचा कॅस्टरही. काम करणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. टोइन बसवून त्याने हिरवा केला आणि चाकावरच्या तबकड्या काढू लागला. आम्ही तांबड्या आकड्याकडे बोट दाखविले. "आजोबा, त्याला ॲडजस्टमेंट नसती. तो तसाच येतोय," तो म्हणाला.

"पहार आहे काय रे?"

त्याने जरा नवलाने पाहिले, पण कोपऱ्यातली पहार आणली. गाडी उचलून खालच्या हाताच्या मागल्या सांध्यात ती अडकवून जोर द्यावयास सांगितले. सांधा अंगठ्याच्या नखाएवढा सरकला. आतले रबर फाटून गेले होते. मुलाने खाली वाकून पुन्हा एकदा स्वतः जोर दिला, मग आपल्या सोबत्याला हाक मारून दाखविले. शेजारच्या दुकानातून नवा बुश आला, बसविला गेला, आणि गाडी पुन्हा यंत्रावर चढली. कॅस्टर हिरवा झाला होता. टोइन तेवढा पुन्हा तांबडा आला होता, आणि तो मुलगा काही न बोलता पाना घेऊन गाडीखाली शिरला.